कडी

"तुमचं ऐकून घ्यायला आम्ही काही तुमच्या वर्गातली पोरं नाही, मास्तर!" वकीलसाहेबांनी टेबलावर हात आपटला. पिठाची धूळ उडाली.

बैठक गिरणीमागच्या गोदामात चालली होती. हुकूमशहा पळून गेला होता, पण सैन्य अजून रस्त्यावर होतं. मास्तरांचा आणि वकीलसाहेबांचा, या दोन्ही विरोधी पक्षांनी संध्याकाळपर्यंत मिळून एक पंतप्रधान ठरवला नाही, तर सेनापती खुर्चीत बसणार होता. आणि एकदा बसलेला सेनापती आपण होऊन उठत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मास्तरांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली होती. वकीलसाहेबही त्याच तुरुंगात होते, पण पलीकडच्या इमारतीत. मार खाऊन मास्तर कोठडीत पडले की पहारेकरी अगदी मायेनं सांगायचा, "ते वकीलसाहेब बघा, गादीवर झोपतात. वरच्यांशी जमवून घेतलंय त्यांनी." ती गादी मास्तरांनी कधी पाहिली नाही. पाठीच्या जखमा भरल्या, पण गादी काही डोक्यातून गेली नाही.

"गादीवर झोपणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये," ते म्हणाले.

"गादी? गादी तर तुमच्याकडे होती म्हणे!"

"चोराच्या उलट्या बोंबा!" मास्तरांचा धाकटा भाऊ खुर्चीतूनच गरजला. ती सगळी वर्षं त्यानं परदेशात बसून पक्ष चालवला होता, आणि आवाज त्याचाच सगळ्यांत चढा. "दादा, यांच्या नादी काय लागतोस? चल, निघू या."

मास्तर कागद आवरू लागले.

तेवढ्यात बाहेरून कडी वाजली. लोखंडी दार करकरत उघडलं.

भानावर आले तेव्हा मास्तरांचं कपाळ भिंतीला टेकलेलं होतं. हात पाठीमागे, मनगटावर मनगट. तुरुंगात कडी वाजली की असंच उभं राहायचं असे. 'वळा' असा हुकूम येईपर्यंत जो हलला, त्याची खैर नसे.

"दादा, असा काय उभा राहिलास?" भावाला हसू आवरेना. "गिरणीवाल्या काकूंनी चहा आणलाय!"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वळावंसं वाटत होतं, पण मान ऐकेना. त्यांनी नुसते डोळे डावीकडे फिरवले.

हातभर अंतरावर वकीलसाहेब उभे होते. कपाळ भिंतीला, हात पाठीमागे, मनगटावर मनगट.

काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या. भावाचं हसू विरलं. खुर्चीत बसलेला तेवढा तो एकटाच होता.

"वकीलसाहेब," मास्तर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "'वळा' म्हणायला आता कोणी यायचं नाही."

"ठाऊक आहे." वकीलसाहेबही भिंतीशीच बोलले. "तुम्हीच म्हणा, मास्तर. तुमचं ऐकेन मी."