शिपायाच्या मापाची गाडी

"हे नाही चालायचं," म्हणत नवऱ्याने प्लॅस्टिकचा निळा टेम्पो तिच्या हातात परत दिला. "हा खेळातला शिपाई टेम्पोच्या दारापाशी उभा करून बघ. दार त्याच्या कमरेला लागतंय."

"मग त्याला सांगा, वाकून आत शिर म्हणावं."

तिने विनोद केला की हसायच्या आधी हा माणूस तिच्या तोंडाकडे निरखून बघायचा. कसली मेली सवय लागली होती कोण जाणे. मग हसला.

बस डेपोत मेकॅनिक म्हणून उभा जन्म काढला, आणि निवृत्त झाल्यावर याला नाद लागला तो टेबलावरच्या लढाईचा. टेबलभर डोंगर-नद्यांचा नकाशा पसरायचा, त्यावर बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई मांडायचे, फासे टाकायचे आणि फूटपट्टीने मोजून फौजा पुढे सरकवायच्या. शिपाई स्वस्त मिळत, पण रणगाडे परवडण्यातले नव्हते. म्हणून पोराबाळांनी टाकून दिलेले ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या, कचऱ्याचे ट्रक आणायचे. पेनाची नळी लावली की तोफ झाली, बाटलीचं झाकण बसवलं की बुरूज. वरून मळकट हिरवा रंग.

पण या सगळ्याच्या आधी कानस. स्वस्त खेळण्याचे दोन अर्धे भाग जिथे जुळतात तिथे बारीक धार राहते. ती घासून बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत याला घास गिळवत नसे. गाडी हातात आली की पहिलं तेच, बोलता बोलतासुद्धा.

खेळणी शोधून आणायचं काम तिचं. दुसरं कोण आणणार? सासूबाई वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांचं सगळं तिनेच केलं. त्या गेल्या आणि याने घर धरलं. आई गेल्याचं दुःख पुरुष बोलून दाखवत नाहीत, असं कोपऱ्यात बसून काढतात, हे तिला कळत होतं. पण किती दिवस?

तिचं स्वतःचं ठीक होतं. थकवा होता, तो असणारच. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे, मग सकाळी उठवत नसे. उठेपर्यंत उन्हं वर आलेली असत. दूध-भाजी शेजारचे आणून देत, असं नवरा सांगे. आणि हा आपला टेबलाशी. पायजमा, चष्मा, कानस.

तिला एकच हवं होतं. या माणसाने एकदा उंबरा ओलांडावा. तेवढं झालं की ती सुटली.

मास्तर म्हणजे नवऱ्याचा खेळातला जोडीदार. तो मागच्या आठवड्यात सांगून गेला होता, रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये मोठी लढाई आहे, या.

"तू येणार असशील तर जातो," नवरा म्हणाला होता.

"मी येऊन काय करू? मला त्या फाशांतलं ओ की ठो कळत नाही. आणि घर कोण बघणार?"

"घर कुठे पळून जातंय एका रविवारी?"

"तुमच्या सबबी मला चांगल्या कळतात हो," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. स्वतःला जायचं नाही, म्हणून तिचं नाव पुढे करायचं! तिला भयंकर राग आला होता.

आता एकच उपाय उरला होता. अशी झकास गाडी आणायची, की चारचौघांना दाखवल्याशिवाय याला राहवणारच नाही.

दुपारी तिने शिपाई पर्समध्ये टाकला आणि निघाली. रस्ता तसा जवळचाच, पण तिला तो संपता संपत नसे. गाड्यांच्या आवाजाने छातीत धडधडायचं, म्हणून ती भिंतीच्या कडेकडेने चाले. दोनदा वाटलं, मागे फिरावं. पण त्याच्यासाठी कुणीतरी जायलाच हवं होतं ना!

जुन्या सामानाच्या दुकानात आज नेहमीची बाई नव्हती, तिचा भाऊ बसला होता. "ताई बाहेरगावी गेलीय. बघा तुम्ही सावकाश," तो म्हणाला.

खोक्यात हात घातला तर वरच पिवळी क्रेन! तिने शिपाई काढून दाराशी उभा केला. अगदी मापात. नशीबच म्हणायचं, या दुकानात तिला नेहमी मापाची गाडी मिळे. निळा टेम्पो तेवढा फसला होता, तोही तिने भलत्याच दुकानातून घेतला होता म्हणून.

क्रेन उलटी करून तिने पोटावरून बोट फिरवलं. धार नव्हती. पुन्हा फिरवलं. गुळगुळीत, अगदी काचेसारखं.

असं घासणारा अख्ख्या गावात एकच माणूस होता. म्हणजे हा आपल्या गाड्या विकायला काढतोय? एवढा एक नाद राहिला होता, तोही सोडतोय?

"ही कुणी विकली तुम्हाला?" तिने क्रेन त्याच्यापुढे धरली.

"विकली नाही हो, ठेवायला दिलीय. एक गृहस्थ आहेत, दर आठवड्याला सकाळी येतात, हातात भाजीची पिशवी. सगळा बाजार पालथा घालून अशा गाड्या शोधतात आणि इथे आणून ठेवतात."

"सकाळी? चालत?"

"रोजचाच रस्ता आहे त्यांचा."

"अहो, पण एवढं शोधून आणायचं, तर स्वतःच घरी का नाही नेत?"

"आम्हीही तेच विचारलं होतं," तो खोकं सरळ करत म्हणाला. "तर म्हणाले, बायकोला सापडायला हवी. आई गेल्यापासून ती बिचारी घराबाहेर पाऊल टाकत नाही, टाकते ते फक्त ह्या खेळण्यांसाठी."