अर्धी करंजी

वत्सलाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. यजमानांच्या कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या पेशी, ते गेल्यावरही, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढत होत्या.

"हेच का ते?"

"त्यांच्याच पेशी, काकू. नवं औषध आधी यांच्यावरच तपासतो," संशोधन करणारी केतकी म्हणाली.

"खायला काय घालता?"

"हे गुलाबी पाणी. साखर असते त्यात. दिवसाआड बदलतो, अगदी दिवाळीतसुद्धा."

वत्सलाबाई मान वर करेनात. यजमानांना मधुमेह निघाल्यापासून त्यांनी साखरेचा डबा कुलपात ठेवला होता. शेवटच्या दिवाळीत अर्ध्या करंजीसाठी ते लहान मुलासारखे मागे मागे फिरले. बाईंनी दिली नव्हती.

"पोटभर घाल गं," बशीतल्या ठिपक्यांवरून नजर न काढता त्या म्हणाल्या. "आता पथ्य नाही त्यांना."