विसरलेलं माप

दादाने आपल्या टोळीतल्या दोघांना आरशासमोर उभं केलं आणि शिंप्याच्या दुकानाचं शटर आतून खाली ओढलं.

"मास्तर, पोलिस ट्रेनिंगच्या पोरांचे गणवेश तुम्हीच शिवता. ठाण्यात माझा माणूस आहे. तो सांगतो, या दोघांतला एक पोलिस आहे. कोण ते बोला."

एकदा टेप लावलेलं अंग मास्तर विसरत नाहीत, हे बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी पहिल्याचं माप घेतलं. अनोळखी. दुसऱ्याच्या पाठीला टेप टेकली मात्र, त्याच्या टाचा खटकन जुळल्या. उजवा खांदा अर्धा इंच खाली. या खांद्यापायी दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक गणवेश तीनदा उसवला होता, आणि पोरगा दर वेळी "सॉरी काका" म्हणाला होता.

"खांबासारखा काय उभा राहतोस? अंग सैल सोड!" मास्तर खेकसले. मग दादाकडे वळले. "दोघांनाही कधी पाहिलं नाही."

"एक तरी पाहिलेला असणारच. आणि तुम्ही विसरत नाही. म्हणजे खोटं बोलताय." दादाचा आवाज जराही चढला नाही.

पोराला दादाच्या हाती द्यायचं नाही, हे मास्तरांचं ठरलं होतं.

"वय झालं, दादा. हल्ली डोक्यात काही राहत नाही. लोकांना कळू देत नाही, एवढंच."

दादाने आपल्या मेहुण्याला पुढे ढकललं. "याचा सूट कोणी शिवला?"

मास्तरांनीच. गेल्या महिन्यात, पंधरा दिवस खपून. इतकं देखणं काम त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. त्यांनी कॉलर चिमटीत धरली आणि नाक मुरडलं.

"कोणी का शिवेना. त्याला कात्री धरता येत नाही."

मेहुणा खो खो हसत सुटला. "भाऊजी, म्हातारा कामातून गेला!"

दादाही हसला आणि सगळ्यांना घेऊन निघाला. तो पोरगा जाताना एकदाही मागे वळला नाही. शहाणा पोरगा.

मेहुण्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं कापड परत घेऊन गेली. चौथे आले ते शेजारचे औषधवाले, वीस वर्षांचे गिऱ्हाईक. कापड मागताना त्यांनाच लाज वाटत होती.

"मास्तर, मला तरी ओळखलंत ना?"

मास्तरांनी घडी पुढे केली. छाती बेचाळीस, बाही चोवीस, ऑपरेशन झाल्यापासून गळा अर्धा इंच सैल.

"नाही हो," ते म्हणाले. "आपण कोण?"