शेवटचा हिरवा

सगुणाचा नवरा सूत रंगवायचा. त्याचा हिरवा रंग असा जालीम, की ओढ्यात उतरलेला बगळा पोपट होऊन उडायचा! म्हणून तिनं करवंट्यांच्या कोळशाचं पिंप बसवलं, रंगाचं पाणी गाळायला. तो हसायचा, “तुझा कोळसा माझा रंग गिळणार व्हय गं?”

अचानक तो गेला. त्यानं कालवलेला शेवटचा हौद तेराव्यापर्यंत नासला. दिरानं हौदाचा नळ पिंपात सोडला. वरून हिरवंगार पाणी पडलं, खालून नितळ आलं. “वहिनी, जिंकलात की!” दीर ओरडला.

सगुणाला हुंदका फुटला. हौदात हातभर रंग उरला होता. तिनं त्यात कोपरापर्यंत हात बुडवला.

“अहो, आठवडाभर निघायचा नाही तो!”

“नाही निघाला तर बरंच, भावजी. त्यांचे हात असेच असायचे.”