सगळे बाण डावीकडे

कित्येक वर्षं अर्ज करकरून यंदा कुठे हार्लनला बिटररूटच्या डोंगरात एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना सोडतीत लागला होता. उद्या शिकार सुरू व्हायची, आणि कालपर्यंत डोळे झाकून भरवसा ठेवावा असा त्याचा नेम आज सकाळपासून पार बिघडला होता. दुपारी मुलगी मार्नी जेवण घेऊन आली, तेव्हा तो अंगणात मान खाली घालून धनुष्यावरची नेम धरायची साइट पुन्हा खोलत होता. दोरी बदलून झाली होती, बाण बदलून झाले होते.

"सगळे डावीकडे जातायत गं. ही साइटच दगा देतेय. उद्या डोंगरात जाऊन काय करू मी?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

मार्नीने धनुष्य घेतलं, साइट जुन्या खुणेवर आणली आणि बाण सोडला. तो बरोबर मधोमध रुतला.

हार्लन मटकन खाली बसला. "मग माझेच का जातात?"

"डावा डोळा उघडा राहत असेल तुमचा. मिटा बघू."

"मिटलाय की!" तो मान वर करून खेकसला. "तुला नेम धरायला शिकवलं कोणी?"

मार्नीने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्याचा डावा डोळा टक्क उघडा होता, आणि तोंडाची तीच बाजू खाली ओघळली होती.

"बाबा, उठा. गाडीत बसा, दवाखान्यात जायचंय."

"अगं, पण साइट?"

"साइट बरोबर आहे, बाबा," ती त्याला उठवत म्हणाली. "चला लवकर."