काचेवरची आठी

ठकूबाईंनी वाफाळतं ताट गेलेल्या नवऱ्याच्या चेहऱ्याखाली ठेवलं. उन्हापासून जपायला त्या मुलखात माणसं जन्मभर तोंडावर पातळ पापुद्रा लावत. माणूस गेलं की चेहऱ्याचा ठसा उमटलेला तोच पापुद्रा सोलून काचेवर चिकटवत. मालकांचं घरात तेवढंच उरलं होतं.

"आई, ताट मागं घ्या," सून रेवती म्हणाली. "वाफेनं पापुद्रा सुटेल. एकदा फुगला की चेहरा गेला."

"जन्मभर गरम जेवलेत ते. पित्राच्या दिवशी गार वाढू? तुझ्या माहेरी वाढत असतील."

तेवढ्यात काचेवरचं कपाळ आकसलं आणि भुवयांच्या मधोमध उभी आठी पडली. ठकूबाई चपापल्या. ताटात काही उणं असलं की मालकांची हीच आठी पडायची.

पित्राचा स्वयंपाक आधी कुणी चाखत नाही. त्यांनी आता भाजी चाखली. मीठ नव्हतं.

"मीठ आण," त्या हळूच म्हणाल्या.

"अहो आई, ती आठी नाही, वाफेनं पडलेली सुरकुती आहे."

मीठ कालवलं तशी आठी विरली. बऱ्याच वेळानं रेवतीनं सुस्कारा टाकून ताट उचललं. भात केव्हाच गार झाला होता. तरी काचेवर मालकांच्या गालाशी एक फुगवटा उठला होता, आणि तो सावकाश, चावल्यासारखा, या गालातून त्या गालात सरकत होता.