अर्धा फेरा

शेताच्या दोन्ही कर्णांवर ताणलेल्या दोऱ्या जिथं एकमेकींवर पडल्या, तिथं पुनमनं खुंटी ठोकली. जळकोटजवळचं हे रान तिरकं. समोरासमोरचे बांध सारखे, पण एकही कोपरा काटकोनात नाही. बाप गेला, आता वाटणी. बहिणीनं हक्क सोडला की ती साडीचोळीची, मागितला की घरबुडवी. पुनमनं मागितला होता.

"असल्या वाकड्या रानाची वाटणी कशी करणार तू?" भाऊ हणमंतराव म्हणाला.

पुनम मुरुडच्या शाळेत गणित शिकवते. तिनं रद्दीतून रानाच्याच आकाराचा कागद कापला, मातीवर ठेवून कडेनं रेघ ओढली, मधोमध काटा टोचला आणि कागद अर्धा फेरा फिरवला. कागद पुन्हा रेघेवर नेमका बसला.

"खुंटीवरून सरळ दोरी कशीबी जाऊ दे दादा, दोन्हीकडं सारखंच रान येतं. एक तुकडा अर्धा फेरा फिरवला की दुसऱ्यावर बसतोय."

"कशीबी?"

"कशीबी."

हणमंतरावाला गणित जन्मात पहिल्यांदा आवडलं. त्यानं लांब दोरी खुंटीवर टाकली, फिरवत फिरवत नेली आणि अशी ताणली, की उगवतीच्या बांधाजवळची विहीर सगळीच्या सगळी एका अंगाला आली.

"हे माझं."

"आन् पाणी?"

"तू रान सारखं म्हणलीस. गणितात विहीर हाय का कुठं?"

पाण्याविना त्या रानात कुसळं उगवतात. त्याला माहीत होतं, तिलाही.

बांधावर बसलेली माय, साखराबाई, म्हणाली, "मोठ्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं उचलायचं. तुझ्या बापानं आन् चुलत्यानं असंच केलं. उचल गं पुने."

"ते भावाभावात असतंय. बहिणीला न्हाई."

"काऊन? तिला काय उकिरड्यावरून आणली व्हती मी?"

हणमंतरावानं दोरी उपटून बहिणीच्या पुढ्यात फेकली. "मंग तूच पाड वाटे. उचलीन मी." डाव उलटवला म्हणून तो मिशीत हसला.

पुनमनं दोरी पुन्हा खुंटीवर टाकली. टोक धरून ती उगवतीला चालत गेली आणि दोरी विहिरीच्या तोंडावरून, बरोबर मधोमध, पलीकडच्या बांधापर्यंत ताणली. दुसरं टोक त्याच रेषेत मावळतीला ओढलं. अर्धी विहीर इकडं, अर्धी तिकडं.

"उचल, दादा."

हणमंतराव एका अंगाला गेला, वाकला, ढेकूळ फोडून बघितलं. दुसऱ्या अंगाला गेला, तिथलंही फोडलं. बांधाची बाभळ बघितली, दगड बघितले. परत इकडं आला. उन्हं कलली तरी त्याचं इकडून तिकडं चाललंच होतं.

"जल्मभर ह्याच रानात राबलो म्हणतोस," माय म्हणाली, "आन् रान आज बघतोस व्हय?"